दोघींच्या यंत्रांवर चालेल असं

दमदम, कोलकाता
सोमवार, २ जून २०२५

ती. ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू पत्र न फोडताच ठेवून देशील, या भीतीने नागपूरचा पत्ता अजेयकडून लिहून घेतला. नवऱ्याला असल्या कामाला लावलं, ही लबाडी पहिल्याच ओळीत कबूल करते. आता फोडलंच आहेस, तर शेवटपर्यंत वाच.

मी पुस्तक लिहिणार आहे, ताई! शाळेच्या वार्षिकातला लेख नव्हे, चांगलं दोनशे पानांचं पुस्तक. मार्चअखेर निवृत्त झाले. छत्तीस वर्षं बंगाली मुलींना इंग्रजीतून गणित शिकवल्यावर एवढ्या मोकळ्या सकाळचं करायचं काय, या विचारात होते आणि मे महिन्यात पुण्याहून फोन आला. वृषाली केतकर म्हणून एक प्रकाशिका आहेत. आपल्या मंडळाच्या जुन्या गणेशोत्सव स्मरणिकेतलं माझं काहीतरी त्यांना कुणी पाठवलं होतं. "हे वाढवा," म्हणाल्या, "जानेवारीअखेर बाड द्या." मी भाजीसाठी पटोल चिरत होते. फोन ठेवला आणि अर्धा चिरलेला पटोल हातात घेऊन सबंध घरभर फिरले. अजेयला वाटलं, कुणी गेलं.

आता पहिला प्रश्न, लिहायचं कशावर? अजेय म्हणतो, "वहीत लिही. दोनशे पानं वहीत मावतात." मावतात, पण सापडत नाहीत! माझ्याकडे आत्ताच अकरा वह्या आहेत, फोनमध्ये टिपणं आहेत, आणि पूर्वी एका जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायली आहेत. त्या आता उघडल्या की मराठीच्या जागी नुसती चिन्हांची रांगोळी दिसते. हे सगळं एका जागी आणणारा लेखनाचा प्रोग्राम हवा.

गेले तीन आठवडे मी तेवढंच करते आहे. असे प्रोग्राम ढिगाने आहेत गं! गाळून गाळून तीन उरले. पहिला 'नॉव्हेलिया'. डावीकडे प्रकरणांची यादी, मधे पान, उजवीकडे कार्डं. एकेका प्रसंगाचं एकेक कार्ड करायचं आणि पत्ते पिसल्यासारखी क्रम बदलून पाहायची. त्याची चित्रफीत मी सहा वेळा पाहिली. दुसरा 'ओळ'. मराठी उत्तम, जोडाक्षरं एकही तुटत नाही, पण सगळं इंटरनेटवर. ते गेलं की लेखिका बसली हात चोळत. तिसरा 'टिपण'. त्यात पांढरं पान आहे. बस, तेवढंच.

आणि प्रत्येकाच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की हा चालवायचा तर यंत्र किमान कसं हवं. मेमरी किमान इतकी, डिस्कवर जागा किमान तितकी. लोक म्हणे हे वाचतच नाहीत. मला तर घरी आल्यासारखं वाटलं. किमान म्हणजे असमानता आली, आणि नववीच्या वर्गाला ती मी आयुष्यभर शिकवली! आलेखाच्या कागदावर तक्ता काढला. आडवे तीन प्रोग्राम, उभ्या अटी. नॉव्हेलियाला ६४ बिटचं यंत्र आणि आठ जीबी मेमरी लागते. आमचा कॉम्प्युटर बारा वर्षांचा, चार जीबीचा. म्हणजे नापास. पण पुनर्परीक्षा घेता येईल का, ते बघायचंय.

पुस्तक कशाबद्दल आहे ते पुढच्या पत्रात लिहीन. (भुवया खाली घे.)

तुझी,
वृंदा


दमदम
शुक्रवार, २० जून २०२५

ती. ताई,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, तरी रोज अकराला खाली पत्रपेटीपर्यंत जाऊन येते.

आधी मजेचं सांगते, मग कठीण.

मंगळवारी कॉम्प्युटरचा डबा जुन्या चादरीत गुंडाळला, मोठ्या पिशवीत घातला आणि मेट्रोने इथल्या चांदनी चौकात, कॉम्प्युटरच्या बाजारात गेले. स्टेशनावर पिशव्या तपासतात. तिथल्या शिपायाने पडद्यावर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "माशीमा, आत काय आहे?" मी म्हटलं, "पुस्तक." तो गोंधळला. मी चादर सोडून दाखवली, तर मागच्या रांगेतल्या बायका हसायला लागल्या.

तिथे काबेरी पाल म्हणून एक बाई आहेत. पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात, आणि तीन हात रुंद दुकानात तीस यंत्रं उघडी पडलेली. त्यांनी डबा उघडून फुंकर मारली आणि आम्ही दोघी खोकलो.

"दीदी, काय चालवायचंय यावर?"

मी तक्ता पुढे केला. त्यांनी चष्मा चढवून तो पूर्ण वाचला. ताई, माझा तक्ता या जगात पहिल्यांदा कुणीतरी पूर्ण वाचला!

"हे कुणी करून दिलं?"

"मीच केलं."

"माझ्याकडे लोक येतात आणि म्हणतात, 'फास्ट करून द्या.' काय करायचंय ते कुणी सांगत नाही." मग त्यांनी समजावलं. आमचं यंत्र मुळात ६४ बिटचं आहे, आत घातलेली विंडोज ३२ बिटची. त्यामुळे चार जीबी असूनही जेमतेम सव्वातीन वापरली जाते. "घर मोठं आहे दीदी, तुम्ही एका खोलीला कुलूप लावून राहताय." विंडोज बदलायची, मेमरीची आणखी एक पट्टी बसवायची, की नॉव्हेलियाच्या सगळ्या अटी पूर्ण. मी तिथेच टाळी वाजवली. शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून गेला.

आता कठीण. काबेरीदींनी विचारलं, "कादंबरी लिहिताय?" मी म्हटलं, "नाही, आईबद्दल आहे." एका परक्या बाईला मी पटकन सांगितलं आणि तुला लिहायचं तीन आठवडे टाळलं.

हो ताई. पुस्तक आईवर आहे. स्मरणिकेतलं 'काहीतरी' म्हणजे २०१४चा तोच लेख. एकाहत्तर साली बनगावच्या सीमेवर निर्वासितांच्या छावण्या पडल्या, नर्स हव्यात म्हणून कळलं, आणि लग्नाआधी नर्स असलेली आपली आई सियालदहून गाडीत बसून 'आठ दिवसांत येते' म्हणून गेली ती नऊ महिन्यांनी परतली. बाबांनी भवानीपुरातल्या सगळ्या मराठी घरांत सांगितलं, की ती साताऱ्याला माहेरी गेली आहे, आजी आजारी आहे. हे सगळं मी छापलं. बाबांचं खोटं मी चारशे घरांत वाटलं, असंच तुला वाटलं असणार. तुझा फोन आला तो माझ्या अजून कानात आहे. "वाचलं. आता मला फोन करू नकोस."

वृषालीबाई म्हणतात, बहिणीची संमती लागेल. मी म्हटलं, मिळेल. अगदी सहज म्हटलं, गं. मी तेव्हा सात वर्षांची होते आणि तू पंधराची. तुला नको असेल तर एका ओळीत 'नको' लिही. मी पुस्तक थांबवीन. नॉव्हेलिया तरीही बसवीन आणि त्यात भाजीची यादी करीन, पण पुस्तक थांबवीन.

वृंदा


दमदम
सोमवार, १४ जुलै २०२५

ताई,

तुझं पत्र शनिवारी आलं. आठ ओळी. तोंडपाठ झाल्या आहेत, तरी इथे उतरवून ठेवते, कारण यापुढे जे काही लिहीन त्याच्या वर त्या असायला हव्यात:

"वृंदा, दोन्ही पत्रं मिळाली. आईने काय केलं ते तू जगाला सांगितलंस म्हणून मी रागावले, असं तू अकरा वर्षं धरून बसली आहेस. ते सांगायलाच हवं होतं. बाबांनी ते लपवलं याची मलाच लाज वाटायची. तुझा लेख मी तीनदा वाचला. त्यात मी कुठेच नाही. 'घर कसंबसं चालत राहिलं' असं लिहिलंयस. घर आपोआप चालत नसतं. पुष्पा."

माझा पहिला विचार काय होता, तो कबूल करते. 'असं कसं, ताईचा उल्लेख नक्की आहे.' मी इतक्या खात्रीने उठले की पायात चपलाही घातल्या नाहीत. लेखाची फाईल उघडली, तर तीच चिन्हांची रांगोळी. काबेरीदींना पाठवली. त्यांनी तासाभरात ती नव्या मराठीत बदलून परत पाठवली. मग मी ती नॉव्हेलियात घातली. (तो आता बसला आहे, झोकात चालतो, त्याबद्दल नंतर.) शोधायच्या चौकटीत 'ताई' लिहिलं.

शून्य.

'पुष्पा' लिहिलं. शून्य. 'बहीण' लिहिलं. शून्य. मग 'आई' लिहिलं, एकशे अठरा. आणि 'मी'? नेहमी, कमी, बातमी यांतले 'मी' वजा करूनही चौऱ्याहत्तर.

सात वर्षांच्या मुलीने त्या नऊ महिन्यांत असं काय केलं होतं, की तिचं नाव चौऱ्याहत्तर वेळा यावं? खिडकीत बसून वाट पाहिली. लेखात तेच आहे, खिडकी आणि वाट. माझ्या वेण्या कुणी घातल्या ते नाही. रेशनच्या रांगेत कोण उभं राहिलं, बाहेर संचारबंदी असताना रॉकेल कुठून आलं, बाबांचा डबा पहाटे कुणी भरला, शेजारच्या काकूंनी "आई कधी येणार गं?" विचारल्यावर साताऱ्याच्या आजीची तब्येत रोज नवी रचून कोण सांगायचं, काही नाही. तुझी त्या वर्षीची परीक्षा बुडाली. ती पुन्हा दिलीस तोवर वर्गातल्या मुली पुढे गेल्या होत्या, आणि डॉक्टर व्हायचं तू पुन्हा कधी बोलली नाहीस. हे मला माहीत होतं, ताई. विसरले नव्हते. मला ते लिहिण्यासारखं वाटलं नव्हतं, आणि हे विसरण्यापेक्षा वाईट आहे.

अजेय चहा घेऊन आला आणि पडद्याकडे बघून म्हणाला, "शून्य काय आहे?" मी म्हटलं, "ताई." त्याने चहा ठेवला आणि बाजूला बसून राहिला.

मी क्षमा मागत नाही, कारण एका पत्रात मागण्याइतकी ती लहान नाही. तू 'नको' म्हटलेलं नाहीस, हे मात्र मी दहा वेळा तपासलं. आठ ओळींत 'नको' शून्य वेळा आहे.

मला सांग ना काहीतरी. तेव्हाचं. एक दिवस पुरे.

वृंदा


दमदम
सोमवार, ११ ऑगस्ट २०२५

ताई, ताई, ताई!

शुक्रवारी आपण दोन तास चाळीस मिनिटं फोनवर बोललो. ते सगळं मी लगेच वहीत उतरवलं आहे, कारण तू पुढे नाकारशील. त्यातलं थोडं तुला पाठवते, म्हणजे साक्षीला राहील.

पण आधी तुझं दुसरं पत्र. "नंबर बदललेला नाही," एवढं वाचूनच मी खुर्चीत बसले, आणि पुढचं वाचून उठले! तुझ्या विराजने टाकलेल्या जुन्या लॅपटॉपवर तू दोन वर्षं रोज दुपारी तासभर लिहितेस. चाळीस पानं! पोटच्या मुलालाही पत्ता नाही! मी इकडे प्रोग्राम निवडण्यात महिनाभर घालवला आणि तू तिकडे लिहून मोकळी झालीस. वर लिहितेस काय, तर "ते काही लिखाण नव्हे, मला आठवतं ते आहे."

मी त्याच क्षणी ठरवलं, की पुस्तक दोघींचं. एक प्रकरण तुझं, एक माझं. आणि योग बघ, नॉव्हेलियात नेमकी तीच सोय आहे! दोन लेखक, एकच पुस्तक, प्रत्येकाचा रंग वेगळा. तुझा रंग निळा ठरवूनही टाकला. मग फोन लावला. अकरा वर्षांनी तुझा "हॅलो" ऐकला आणि मी पहिलं वाक्य काय बोलले?

"ताई, तुझी मेमरी किती आहे?"

"सगळं आठवतं मला," तू म्हणालीस.

"तुझी नाही गं, लॅपटॉपची!"

मग तू हसलीस. तेवढं हसू मी वहीत उतरवू शकले नाही.

पुढचं आहे वहीत:

"'कॉम्प्युटर' लिहिलेल्या चित्रावर जा आणि उजवं बटण दाब."

"दाबलं. लांबलचक यादी आली."

"सगळ्यात खाली काय आहे?"

"'प्रॉपर्टीज'. म्हणजे इस्टेट ना? थांब, माझी इस्टेट वाचून दाखवते. दोन जीबी. बत्तीस बिट. वृंदे, कमी आहे का गं?"

"नाही, नाही. पुरे आहे." (खोटं.)

"तू लहानपणीही अशीच खोटं बोलायचीस. आवाज वर चढतो तुझा."

मग मी खरं सांगितलं. नॉव्हेलियाला आठ लागतात. मी नवा लॅपटॉप पाठवते म्हटलं, विराजशी बोलते म्हटलं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "नको. नव्या यंत्रासमोर मी पाहुण्यासारखी बसेन. याच्यासमोर मला पदर खोचून बसता येतं. तुझं तू त्या कार्डांवर लिही, माझं मी कागदावर काढून पोस्टाने पाठवीन. तू टाइप करून घे."

मी हो म्हणणार होते. अगदी तोंडात आलं होतं. सोयीचंच होतं सगळं. तुझी पानं माझ्याकडे येतील, मी ती माझ्या प्रोग्राममध्ये घालीन, मधे कुठे थोडं नीट करीन. आणि एकदम जाणवलं, की हे पुन्हा तेच चाललंय. पुस्तक माझं आणि ताई आतल्या खोलीत.

त्या आलेखाच्या कागदावरचा तक्ता मी पुन्हा काढला. ताई, छत्तीस वर्षं गणित शिकवून मी अट चुकीची मांडली होती! प्रोग्राम माझ्या यंत्रावर चालतो का, एवढंच तपासत बसले. यंत्रं दोन आहेत. लहान यंत्राला जे झेपेल तेच दोघींना चालेल. तिसऱ्या रकान्यात पाहिलं. 'टिपण': एक जीबी मेमरी, ३२ बिट चालेल, इंटरनेट नसलं तरी चालेल, मराठी शाबूत. तो मी बिचारा 'पांढरं पान' म्हणून ढकलून दिला होता.

मग दीड तास आपण तो तुझ्याकडे बसवला. तू तीनदा "हे बिघडलं" म्हणालीस आणि तिन्ही वेळा ते बिघडलं नव्हतं. चौथ्यांदा ओरडलीस, "उघडलं! पण यात काहीच नाहीये गं!"

"काहीच नसतं ताई, म्हणून तर दोन जीबीत चालतं!"

"मग लिहू?"

"लिही."

खटखट ऐकू आली. मी विचारलं, काय लिहिलंस? तू म्हणालीस, "माझं नाव."

शनिवारी मी माझ्या यंत्रावरून नॉव्हेलिया काढून टाकला. एकतीस कार्डं केली होती, पत्ते पिसून झाले होते, सगळं गेलं. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. काबेरीदींना कळवलं तर त्या फोनवरच म्हणाल्या, "दीदी! एवढी मेमरी घातली ती कशाला मग?" मी म्हटलं, "माझ्या बहिणीचं यंत्र दोन जीबीचं आहे." त्या म्हणाल्या, "तिला सांगा, बॅटरी काढून थेट विजेवर चालवू नको. वीज गेली तर लिहिलेलं जाईल." तेव्हा बॅटरी काढू नकोस, आणि दर पानाला सेव्ह कर.

तुझं पहिलं प्रकरण केव्हा पाठवतेस? घाई नाही. (आहे.)

तुझी,
वृंदा


दमदम
सोमवार, २२ सप्टेंबर २०२५

प्रिय ताई,

काल महालया. दुर्गापूजा आठवड्यावर आली म्हणून गल्लीत मांडवाचे बांबू ठोकणं चाललं होतं, आणि सकाळी साडेदहाला तुझी फाईल आली. नाव 'पुष्पा १'. मी टिपण उघडला, दार लावून घेतलं आणि वाचलं. मग तुला फोन केला आणि मला बोलता आलं नाही. तू विचारत राहिलीस, "पोचली ना? उघडली ना? कसं झालंय?" आणि मी नुसती रडत राहिले. शेवटी तू वैतागून म्हणालीस, "जेव्हा बोलता येईल तेव्हा कर," आणि फोन ठेवलास. बोलता अजून येत नाही, म्हणून लिहिते.

आई मधे एकदा परत आली होती, हे मला माहीत नव्हतं. बाबांनाही नव्हतं. चोपन्न वर्षं ते फक्त तुला आणि आईला माहीत होतं, आणि आई जाऊनही सोळा वर्षं झाली. तेवढी वर्षं ते एकट्या तुझ्याकडे होतं.

ऑगस्टची दुपार, बाबा कचेरीत, मी आत झोपलेली. दारात आई, हातात पिशवी. ती कायमची परत आली होती. पायरीवर बसली, चपला काढल्या नाहीत. तू पाणी दिलंस. ती प्यायली नाही, पेल्याकडे बघत बसली, आणि म्हणाली, छावणीत मुलं हगवणीने जातात, एका रात्रीत चौदा गेली, त्यांना मीठसाखरेचं पाणी चमच्याने सतत पाजावं लागतं आणि पाजायला हात नाहीत. आणि तू पंधरा वर्षांची, कणकेच्या हातांनी उभी राहून म्हणालीस, "मग इथे कशाला बसलीस? जा. मी आहे इथे."

इथवर वाचलं तेव्हा मला वाटलं, ताई किती मोठी! याच्यावर लेख लिहिला असता मी, आणखी चारशे घरांत वाटला असता. पण तू पुढे जे लिहिलंयस ते मला सात जन्मात सुचलं नसतं:

"लोक म्हणतील, मी मन मोठं केलं. तसं नाही. मला राग आला होता. तीन महिने मी पोळ्या करत होते आणि ती आली ती तिकडच्या मुलांचं बोलत. मी 'जा' म्हटलं ते ती राहावी म्हणून. मला वाटलं, ती म्हणेल, 'नाही गं बाळा, आता मी कुठे जात नाही.' ती उठली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेली. पेला तसाच भरलेला होता. मग मी पोळ्या केल्या."

ताई, विराजला वाचायला दिलंस आणि तो म्हणाला, "आजीला लोक नावं ठेवतील, हे काढून टाक." त्याला सांग, मावशी म्हणते एक अक्षर काढायचं नाही. आईला नावं ठेवणारे ठेवतील. छावणीतली जी मुलं वाचली त्यांना ती तेव्हा हवी होती, आणि तुलाही ती तेव्हाच हवी होती. दोन्ही खरं आहे, आणि दोन्हींतलं एक मी आजवर लिहिलंच नव्हतं. माझं पहिलं प्रकरण मी काल संध्याकाळी पुसलं. खिडकीत वाट पाहणारी मुलगी त्यात फार गोंडस झाली होती. नव्याने लिहायला घेतलंय. त्यात ती मुलगी झोपलेली आहे, आणि तिला झोपू दिलं जातंय.

वृषालीबाईंना सकाळी फोन केला. सांगितलं, लेखिका दोन आहेत, मोठीचं नाव आधी. त्या म्हणाल्या, "बहिणीची संमती मिळाली का?" मी म्हटलं, "पहिली लेखिका तीच, आता माझी संमती तिला मिळते का ते विचारा." त्यांना काही कळलं नाही. तुझं प्रकरण पाठवलं. दुपारी त्यांचा निरोप आला, की जानेवारीची घाई करू नका, लागेल तेवढा वेळ घ्या, आणि दोघींनीही असंच लिहा.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. काल मी रडत होते तेव्हा तुला माझं रडणं नको होतं, क्षमाही नको होती. तुला फक्त कळायला हवं होतं की लिहिलेलं कसं झालंय. एकोणसत्तराव्या वर्षी पहिलं प्रकरण पाठवून तू फोन हातात धरून बसली होतीस, आणि मी तुला तेवढंही सांगितलं नाही. तर ऐक. तिसऱ्या पानावर रेशनच्या रांगेचं वर्णन थोडं लांबलंय. 'त्यानंतर' हा शब्द तू फार वापरतेस. कणकेचे हात अप्रतिम. शेवटून दुसरा परिच्छेद मी मोठ्याने वाचून अजेयला दाखवायला गेले आणि मला तो पुरा करता आला नाही. त्याने हातातून घेऊन वाचला.

फार चांगलं झालंय, ताई. माझ्याहून चांगलं. दुसरं पाठव.

तुझी,
वृंदा